हॉब्डे यांच्या शेतातली वाट

डॉक्टरांनी मला विमानात बसायला मनाई केली आहे, आणि इंग्लंडमधल्या नेदर विनलो या खेड्यातल्या एका पायवाटेची सुनावणी येत्या मे महिन्यात आहे. तिथे उभे राहून जे सांगायचे होते ते मला आता सांगता येणार नाही. मेपर्यंत मी असेन की नाही हे माझ्या हृदयाच्या एका झडपेवर अवलंबून आहे, आणि तिचा मला भरवसा नाही. म्हणून हे आज लिहीत आहे. एरवी आणखी दोन वर्षे सहज पुढे ढकलले असते.

मी सरोजिनी हेमचंद्र कारखानीस, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार सेम्बावांग, सिंगापूर, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने ही व्यवस्था लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तरी त्याचा उपयोग झाला नसता. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते हेमचंद्र असताना केले होते आणि त्यात सगळे त्यांनाच दिले होते. ते माझ्या आधी गेले. वकील म्हणाले, इंग्रजीत लिहा. इंग्रजी प्रत त्यांनी करून घ्यावी. मी ज्या भाषेत भांडते त्याच भाषेत लिहिणार.

१. अंमलबजावणी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी सून नीता हिने करावी. संजीवला, म्हणजे माझ्या मुलाला, याचे आश्चर्य वाटेल. वाटू दे. नीता ऑडिटचे काम करते, कागद शेवटपर्यंत वाचते आणि न समजलेल्या गोष्टीला मान डोलावत नाही. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिने मला सांगितले होते, "आई, मी पोळ्या करणार नाही. विकतच्या चांगल्या मिळतात." मी तिच्याशी बरेच दिवस कामापुरते बोलत होते. पोळ्या खरोखरच चांगल्या मिळतात, हे मी त्यानंतर किती वर्षांनी मान्य केले ते इथे लिहिण्याची गरज नाही.

२. फ्लॅट. सेम्बावांगचा फ्लॅट विकावा. माझी मुलगी अश्लेषा आता ब्रिटिश नागरिक आहे, हा सरकारी योजनेतला फ्लॅट तिला नावावर घेता येणार नाही. संजीवला त्याचा स्वतःचा खासगी फ्लॅट, काँडो, आहे. येणारी रक्कम दोघांत सारखी वाटावी. हेमचंद्रांना शिपयार्डला चालत जाता यावे म्हणून आम्ही इथे राहिलो, आणि शिपयार्डचा भोंगा थांबल्यावरही इथेच राहिलो, कारण समुद्राकडे चालत जाता येते. खिडकीतल्या कुंड्या शेजारच्या सुनेत्राकडे जातील असे तिने गृहीत धरले आहे. ती साक्षीदार असल्यामुळे कायद्याने तिला काही देता येत नाही. कुंड्या संजीवच्या मुलीला, वल्लरीला.

३. सीपीएफमधल्या, म्हणजे इथल्या भविष्य निर्वाह निधीतल्या, पैशांचे नॉमिनेशन वेगळे केलेले आहे, ते या कागदात येत नाही. बँकेतल्या ठेवीतून आधी नेदर विनलोच्या वाटेसाठी लागणारा वकिलाचा खर्च करावा, आणि निकाल विरुद्ध गेला तर पुढच्या अपिलाचाही. उरेल ते नात वल्लरी हिच्या शिक्षणाला.

या कलमाला संजीवची हरकत आहे. ती मी नोंदवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की त्याचे ऐकले नाही. तो म्हणाला, "आई, दुसऱ्याचं शेत आहे ते. दुसऱ्याच्या देशात. त्यापेक्षा ताईला शहरात फ्लॅट घेऊन दे, नाहीतर इकडे बोलाव."

मी म्हटले, "शेत दुसऱ्याचं आहे. वाट नाही."

"तेच तर सिद्ध व्हायचंय ना!"

इथपर्यंत त्याचे बरोबर आहे. म्हणून सगळे क्रमाने लिहिते.

४. वाट कशाची आणि कोणासाठी. अश्लेषा नेदर विनलोच्या शाळेत शिकवते. गावाबाहेरच्या एका लहान घरात राहते. एकोणीसशे नव्व्याण्णव साली ती तिथे गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून हेमचंद्र व मी दरवर्षी मे ते ऑगस्ट तिच्याकडे जाऊ लागलो. कोविडची वर्षे सोडून मी कधी चुकवले नाही. हेमचंद्र गेल्यावर एकटी जात राहिले.

इंग्लंडात खेड्याभोवती शेतांमधून, गुरांच्या कुरणांमधून सगळ्यांना चालता येईल अशा वाटा असतात. खांबावर पिवळा बाण असतो. कुंपण आले की चढून पलीकडे उतरायला लाकडी पायरी असते. काही ठिकाणी एका वेळी एकच माणूस जाईल असे वळणारे फाटक असते. त्याचे इंग्रजी नाव 'किसिंग गेट'. ते ऐकल्यापासून हेमचंद्र तिथे थांबून वात्रटपणा करत, आणि मी दरवेळी न बघता पुढे जात असे. दरवेळी नाही.

मी पुण्यात भूगोल घेऊन बी.ए. झाले आणि नंतर सिंगापुरात मुलांच्या शिकवण्या घेतल्या, पण पायाखालचा भूगोल मी नेदर विनलोला शिकले. तिथल्या सगळ्या वाटा मी चालले आहे. त्यातली एक, अश्लेषाच्या फाटकापासून हॉब्डे नावाच्या शेतकऱ्याच्या शेतातून, काटेरी कुंपणाच्या कडेने थेट शाळेच्या मागे निघते. तिच्यावर पिवळा बाण नव्हता. नकाशातही ती नव्हती. पण सगळे गाव तिच्यावरून जात होते.

अश्लेषाच्या डोळ्यांचा कडेचा भाग हळूहळू गेला आहे. समोरचे नळीतून पाहावे तसे दिसते. गाडीचे लायसन्स तिने स्वतः परत केले. घरापासून शाळेपर्यंत जो रस्ता आहे त्याला पदपथ नाही, दोन्ही बाजूंना उंच झुडपे आणि वळणावर दुधाचे टँकर. त्या रस्त्याने ती एकटी जाऊ शकत नाही. वाटेने जाऊ शकते. उजव्या हाताला कुंपण लागत राहते. मी तिला एकदा म्हटले की संजीव म्हणतो तसे शहरात राहायला जा. तिने शांतपणे उत्तर दिले, "आई, बाकी सगळीकडे मला कोणीतरी नेतं. या वाटेने मी जाते."

त्यानंतर मी तिला तो सल्ला दिलेला नाही.

५. वाट कशी बंद झाली. हॉब्डे दोन हजार एकवीस साली वारले. त्यांच्या पुतणीने शेत विकले. नव्या मालकाने वाटेच्या दोन्ही टोकांना कुलूपबंद फाटके लावली. तेव्हापासून अश्लेषाला शाळेत न्यायला-आणायला शेजाऱ्यांच्या पाळ्या लागल्या आहेत. शेजारी चांगले आहेत. पण कोणाच्या चांगुलपणावर रोज सकाळी अवलंबून राहणे काय असते, हे ज्याला माहीत नाही त्याने तिला सल्ला देऊ नये.

तिथला कायदा असा, की लोक वीस वर्षे एखाद्या वाटेने उघडपणे, न विचारता, आपल्या हक्काने चालले असतील तर ती वाट सर्वांची ठरते. मात्र मालकाच्या परवानगीने चालले असतील तर ठरत नाही. गावाने अर्ज केला. नव्या मालकाच्या वकिलाने उत्तर दिले, की ही वाट हॉब्डे यांच्या परवानगीनेच चालू होती, आणि पुरावा म्हणून एक भारतीय बाई पुढे केली, जी दर उन्हाळ्यात मिठाईचा डबा घेऊन हॉब्डे यांच्या दारात परवानगी मागायला येत असे. हे त्याला पुतणीकडून कळले होते.

ती बाई मी.

अश्लेषाचा फोन आला. "आई, हे खरं आहे? तू विचारायला जायचीस?"

"अर्थात जायचे. कोणाच्या शेतातून न विचारता कशी जाईन मी?"

"अगं, सगळं गाव न विचारता जायचं!"

"गावाला कोणी वळण लावलं नसेल. मला लावलं होतं."

"आणि त्यांनी परवानगी दिली?"

"दिली की. दरवर्षी दिली."

मग ती म्हणाली, "आई, तू बेसनाचे लाडू देऊन माझी वाट बंद केलीस." ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपे गेले असते. तिच्या वकील बाईंनी विचारले तेव्हाही मी तेच, परवानगी दिली होती असे, उत्तर लिहून पाठवले.

संजीव म्हणाला, "सांग ना, आठवत नाही म्हणून. या वयात कोणी काही म्हणणार नाही."

माझ्या वयाचा असा उपयोग मी कोणाला करू देणार नाही. लाडू दिले ते दिले. विचारले ते विचारले. दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकण्याआधी विचारावे, आणि रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जाऊ नये, या दोन गोष्टींबद्दल मी आजही कोणाची क्षमा मागणार नाही.

६. माझ्या उत्तरात काय चुकले. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सगळे माझ्याकडे जेवायला होते. ताटात पापलेटचा एक तुकडा उरला होता. संजीवने हात पुढे करून विचारले, "हा मी घेऊ का?"

नीता मान वर न करता म्हणाली, "नॉट माइन टु गिव्ह, मिसेस."

आमच्या घरात हे वाक्य बोलायची सवय हेमचंद्रांनी लावली. कोणी वर्तमानपत्र मागितले, टीव्हीचा रिमोट मागितला, की ते खालचा ओठ पुढे काढून, जाड आवाजात हेच म्हणत. सगळे हसले. नीता हसली नाही. तिने चमचा खाली ठेवला.

"आई, बाबा ही नक्कल कोणाची करायचे?"

"त्या हॉब्डेची. दुसऱ्या कोणाची?"

"तो हे कधी म्हणायचा?"

"मी वाटेचं विचारलं की. दरवर्षी तेच. 'नॉट माइन टु गिव्ह, मिसेस. माझ्या आजोबांच्याही आधीपासून आहे ती.' डबा घ्यायचा आणि दार लावून टाकायचा. शिष्टाचार म्हणून नाही."

"म्हणजे त्याने हो म्हटलंच नाही."

"हो आणखी वेगळं काय असतं? आपण नाही का म्हणत, विचारायचं काय त्यात, जा की. तसंच ते."

"नाही, आई." नीताचा आवाज ऑफिसातला झाला. "विचारायचं काय त्यात, असं आपण म्हणतो तेव्हा वस्तू आपली असते आणि आपण ती देतो. तो म्हणत होता की ती त्याची नाहीच. तुम्ही मागितलीत, त्याने दिली नाही. आणि तरीही तुम्ही गेलात."

वल्लरी पलीकडून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "आज्जी! सो यू ऑल जस्ट वॉक ओन्ली, लाह! नो परमिशन!"

संजीवने तेवढ्यात पापलेटचा तुकडा घेतला होता.

मी वीस वर्षांहून अधिक काळ त्या माणसाला उद्धट समजत होते. तो दरवर्षी मला एकच खरी गोष्ट सांगत होता, आणि मी ती आपल्याकडच्या रीतीने होकार म्हणून ऐकत होते. म्हणून माझे पहिले उत्तर चुकीचे होते. खोटे नव्हते. या दोन शब्दांतला फरक सुनावणीला बसणाऱ्या अधिकाऱ्यांनी समजून घ्यावा. मी नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केले आहे. त्यात आधी काय म्हटले, का म्हटले, आणि हॉब्डे यांचे नेमके शब्द काय होते, हे तिन्ही लिहिले आहे. आधीचे उत्तर लपवू नये, असे मी अश्लेषाच्या वकील बाईंना स्पष्ट कळवले आहे. त्यांना ते फारसे आवडलेले नाही.

माझे म्हणणे आता सोयीचे म्हणून रचले असे वाटेल त्यांच्यासाठी: हेमचंद्रांची ही नक्कल सेम्बावांगमधल्या अर्ध्या मराठी घरांनी ऐकलेली आहे. त्यांचे शिपयार्डमधले सहकारी रघुवीर टिपणीस यांना मी फोन करून फक्त एवढेच विचारले, "हेमचंद्र त्या इंग्रज शेतकऱ्याची नक्कल करायचे, आठवते?" ते लगेच त्याच जाड आवाजात म्हणाले, "नॉट माइन टु गिव्ह, मिसेस! वहिनी, आमच्याकडे अजून चालतं ते. परवा जावयाने गाडीची किल्ली मागितली तेव्हा..." पुढचे मी ऐकून घेतले नाही. त्यांनीही आपले वेगळे प्रतिज्ञापत्र दिले आहे. नवऱ्याच्या वात्रटपणाचा मला आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला, तोही ते नसताना.

७. बाकीच्या वाटा. वाटा माझ्या मालकीच्या नाहीत, त्यामुळे त्या कोणाला देता येत नाहीत. कोणी कोणत्या वाटेने जावे एवढे सांगते. संजीवने टेकडीवरची वाट घ्यावी. अर्ध्यावर फोनची रेंज जाते, आणि खाली यायला दुसरा रस्ता नाही. वल्लरीने मे महिन्यात निळ्या फुलांच्या रानातून जावे. फोटो काढून मागे फिरू नये, रानाच्या पलीकडे बाहेर पडावे. ओढ्याकाठच्या वाटेवर गाई असतात. त्या काही करत नाहीत, पण त्यांच्या आणि वासरांच्या मधून जाऊ नये. फाटक जसे सापडले तसे ठेवावे: उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. हा नियम घरातही पाळला तर बरे होईल.

८. वस्तू. पाटल्या आणि मोहनमाळ अश्लेषाला, कारण तिला त्या हाताला कळतात. साड्या नीता आणि अश्लेषा यांनी आपसात ठरवाव्यात. भांडण झाले तर दोघींनाही नकोत, वाटून टाकाव्यात. हेमचंद्रांची हत्यारांची पेटी संजीवला. त्यातला ड्रिल रघुवीर टिपणीस यांच्याकडे अनेक वर्षांपासून आहे. साक्षीदार या नात्याने त्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही, तेव्हा तो त्यांनी संजीवला परत करावा. रविवारी माझ्याबरोबर चालायला येणाऱ्या गटाला माझी शिट्टी. हल्ली ते आधी खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरला इथली कॉफी, कोपी, प्यायला बसतात आणि मग चालायचे बघतात. शिट्टी वाजवायला कोणी पुढे येईल असे वाटत नाही, तरी देते.

९. माझे. दहन मंडाईच्या दहनगृहात करावे. रक्षा हेमचंद्रांची सोडली त्याच समुद्रात सोडावी. तेराव्याचे जेवण घालायचे असेल तर साधे घालावे. नेदर विनलोला माझी रक्षा नेऊ नये. वाट लोकांनी चालण्यासाठी असते, मी पसरण्यासाठी नाही. वारलेल्या माणसाच्या नावाने वाटेकडेला बाक ठेवायची तिकडे पद्धत आहे. माझ्या नावाचे बाक नको. बाक आले की लोक बसतात.

१०. सुनावणीला माझ्या जागी कोणी उभे राहावे हे मी ठरवले नव्हते. नीता म्हणाली, "मी जाते. ते वाक्य मी स्वतः बाबांच्या तोंडून ऐकलंय, तेवढं तर सांगू शकते." तिला चालण्याची आवड नाही. विमानातून उतरून टॅक्सीने जाईल असे मला वाटते. तिने रजा टाकली आहे. मी काही म्हटले नाही, पण इथे लिहिते: मला बरे वाटले.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे आणि यातले काही बदलण्याची गरज मला वाटत नाही. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असताना सही करते.

सेम्बावांग, सिंगापूर
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

(सही) सरोजिनी हेमचंद्र कारखानीस

सरोजिनीबाईंनी आमच्या देखत, आमच्या आधी सही केली आणि मग आम्हाला पेन दिले.

साक्षीदार:
(सही) रघुवीर टिपणीस. ड्रिल पुढच्या रविवारी आणून देतो.
(सही) सुनेत्रा धोंड, शेजारीण

सुपूर्तीची नोंद

२६ एप्रिल २०२६, रविवार. नीता आज रात्रीच्या विमानाने निघत आहे. मी अजून आहे, म्हणून हे स्वतःच्या हाताने देते. खालील वस्तू तिच्या ताब्यात दिल्या:

माझे मूळ प्रतिज्ञापत्र, आणि रघुवीर यांचे.

हेमचंद्रांनी शिपयार्डच्या भंगारातल्या पितळेचे टोक बसवून केलेली चालण्याची काठी. ही अश्लेषाला द्यायची, पण वाट उघडल्यावर. तोवर नीताने वापरावी.

माझे चालण्याचे बूट. नीताला ते बरोबर बसले. एवढी वर्षे आम्हा दोघींचे माप एकच होते, हे दोघींनाही ठाऊक नव्हते.

भाजलेले बेसन, बंद पिशवीत. तूप आणि साखर तिथेच घ्यायची. नीताने आजवर लाडू वळलेला नाही. "वाकडे झाले तर?" तिने विचारले. झाले तर झाले. हॉब्डे यांनी कधी तक्रार केली नव्हती.

लाडवांचा रिकामा स्टीलचा डबा, तोच, झाकणाला पोचा आलेला. निकाल काहीही लागो, हा भरून नव्या मालकाच्या दारात नेऊन द्यायचा. शेवटी तो अश्लेषाचा शेजारी आहे. नाव सांगायचे, डबा द्यायचा, आणि निघायचे.

विचारायचे काही नाही.

देणार: (सही) सरोजिनी कारखानीस
घेणार: (सही) नीता संजीव कारखानीस. सर्व वस्तू तपासून मिळाल्या.